आभाळाची नोंदवही

मे महिन्यातील दुपार आहे. अंगणात अनवाणी पाय ठेवला, तर चटका बसतो. तीनच्या सुमारास दूर डोंगरावर एक पांढरा ढग दिसू लागतो. प्रथम तो कापसाच्या बोंडाएवढा असतो. तासाभरात त्याचा डोंगर होतो आणि त्याची खालची बाजू काळी पडते. वारा थांबतो. झाडाचे पानही हलत नाही. मग एकाएकी थंड वाऱ्याचा झोत येतो, धुळीचे लोट उठतात, खिडक्या धाडधाड आपटतात. गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणि पापड गोळा करायला घरातील सगळे धावतात. टपोरे थेंब पडू लागतात. अर्ध्या तासाने पाहावे, तर पुन्हा ऊन पडलेले असते!

या पावसाला मराठीत वळवाचा पाऊस किंवा नुसते वळीव म्हणतात. वळीव आला, की बहुतेकांची धांदल उडते. पण काही माणसे अशी असतात, की कपडे गोळा करून झाले, की ती पुन्हा खिडकीशी जातात आणि त्या ढगाकडे पाहत राहतात. हा ढग आला कोठून? त्याच्या आधी वारा का थांबला? वीज आधी का दिसली आणि गडगडाट मागून का आला? मुलांनो, तुम्हांलाही असे प्रश्न पडत असतील, तर हा पाठ तुमच्यासाठी आहे. हवामान पाहण्याचा छंद कसा सुरू करावा, ते आपण पाहू या. त्यासाठी एक वही, एक पेन्सिल आणि एक रिकामी बाटली पुरते.

आधी थोडे शब्दांविषयी. ‘हवामान’ या शब्दातील ‘हवा’ तुम्हांला नवी नाही. ती अरबीतून उर्दूत आली, तशी मराठीतही आली. ‘मान’ म्हणजे माप. पावसाळ्यात समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांना मराठीत मोसमी वारे म्हणतात. त्यातला ‘मोसम’ म्हणजे तुमचा ‘मौसम’च. इंग्रजीतील ‘मान्सून’ हा शब्दही याच अरबी शब्दापासून झाला आहे. पण दोन ठिकाणी जपून राहा. उर्दूत ‘बादल’ म्हणजे ढग. मराठीत ‘वादळ’ म्हणजे मात्र तुफान! आणि ‘गारा’ म्हणजे चिखल नव्हे. आकाशातून बर्फाचे गोळे पडतात, ज्यांना तुम्ही ‘ओले’ म्हणता, त्या गारा. वर्गात मी एकदा ‘काल गारांचा पाऊस पडला’ असे फळ्यावर लिहिले, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, आकाशातून चिखल पडला?” सारा वर्ग हसला. मीही हसलो. तेव्हापासून हा शब्द मी आधीच समजावून सांगतो.

आता वादळाकडे वळू. जगात काही माणसे चक्क वादळाच्या मागे धावतात. अमेरिकेच्या मध्यभागी टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस या राज्यांत विस्तीर्ण सपाट मैदाने आहेत. एप्रिल ते जून या काळात दक्षिणेकडील आखातावरून तेथे दमट हवा येते आणि पश्चिमेकडून कोरडी हवा येते. दोन्ही एकमेकींना भिडतात, तेथे प्रचंड ढग उभे राहतात. त्यांतील काही ढग स्वतःभोवती सावकाश फिरू लागतात. अशा एखाद्या ढगाच्या तळापासून जमिनीपर्यंत हवेचा गरगरणारा खांब उतरतो. त्याला टोर्नेडो म्हणतात. आपल्या समुद्रात होणारे चक्रीवादळ वेगळे. ते शेकडो किलोमीटर पसरलेले असते आणि कित्येक दिवस टिकते. टोर्नेडो बहुधा काही मिनिटेच टिकतो. पण तेवढ्यात तो घराचे छप्पर उचलतो आणि मोटारी खेळण्यासारख्या भिरकावतो.

हा टोर्नेडो डोळ्यांनी पाहण्यासाठी लोक मोटारी घेऊन निघतात. डेव्हिड होडली हे अशा छंदिष्टांपैकी अगदी सुरुवातीचे. १९५६ सालापासून त्यांनी वादळांचा पाठलाग सुरू केला. १९७७ साली त्यांनी ‘स्टॉर्म ट्रॅक’ नावाचे छोटे नियतकालिकही काढले. १९९६ साली ‘ट्विस्टर’ हा चित्रपट आला आणि या छंदाचे नाव जगभर झाले. सिनेमात ही गोष्ट मोठी मजेची दिसते. खरे काय आहे, ते टिम समारस यांच्या हकिगतीवरून कळेल.

समारस हे पाठलाग करणाऱ्यांमधील अतिशय सावध आणि अभ्यासू गृहस्थ. टोर्नेडोच्या वाटेवर ठेवता येतील अशी चपटी, जड उपकरणे त्यांनी स्वतः बनवली होती. २००३ साली साउथ डकोटा राज्यात त्यांचे एक उपकरण टोर्नेडोच्या अगदी पोटात सापडले. हवेचा दाब जवळजवळ १०० मिलिबारने उतरला, अशी नोंद त्या उपकरणाने केली. अशी नोंद त्यापूर्वी कोणाला मिळाली नव्हती. पण ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रेनो येथे जो टोर्नेडो उतरला, त्याने पाहता पाहता दिशा बदलली आणि तो फुगत फुगत चार किलोमीटरांहून अधिक रुंद झाला. पावसाच्या पडद्यामुळे तो नीट दिसतही नव्हता. समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि त्यांचे सहकारी कार्ल यंग हे तिघे त्यात मृत्यू पावले. इतका अनुभव असलेल्या माणसालाही वादळाने चकवले.

अमेरिकेत याहून शांत असाही एक प्रकार आहे. तेथील हवामान खाते गावोगावच्या स्वयंसेवकांना शिकवून तयार करते. हे लोक वादळाच्या मागे धावत नाहीत. आपल्याच गावात सुरक्षित जागी थांबून ते ढग पाहतात आणि काय दिसले, ते खात्याला कळवतात. तुम्ही म्हणाल, रडार असताना माणसाची गरज काय? पृथ्वी गोल आहे आणि रडारचा किरण सरळ जातो. त्यामुळे दूर गेल्यावर तो जमिनीपासून फार उंच असतो. ढगाच्या वरच्या भागात काय चालले आहे, ते रडारला कळते. पण जमिनीजवळ काय घडते आहे, ते त्याच्या नजरेतून सुटू शकते. तेथे उभ्या असलेल्या माणसाला ते दिसते.

माझ्या मते आपल्याला शिकण्यासारखा आहे तो हा दुसरा प्रकार. आपले रस्ते गर्दीचे, पावसात समोरचे दिसत नाही, नाल्यांना अचानक पूर येतो. येथे वादळाच्या मागे गाडी पळवणे हा वेडेपणा होईल. शिवाय त्याची गरजही नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत वादळ स्वतःच आपल्या दारात येते. आपण फक्त जागेवर राहून पाहायला आणि लिहायला शिकायचे.

मग सुरुवात ढगांपासून करू. लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड नावाचे गृहस्थ होते. त्यांचा व्यवसाय औषधे बनवण्याचा. ढग पाहणे हा त्यांचा छंद. १८०२ साली त्यांनी एका छोट्या मंडळापुढे भाषण केले आणि ढगांना लॅटिन नावे दिली. तीच नावे आज जगभर चालतात. पिसासारखे, फार उंचावरचे पांढरे ढग ते सिरस. कापसाच्या ढिगासारखे ते क्युम्युलस. चादरीसारखे पसरलेले ते स्ट्रेटस. पाऊस देणारे ते निम्बस. औषधे बनवणाऱ्या माणसाचे हे काम शास्त्रज्ञांनी स्वीकारले, कारण त्याने वर्षानुवर्षे आकाशाकडे नीट पाहिले होते.

वळवाचा ढग म्हणजे क्युम्युलोनिम्बस. तो कसा तयार होतो? उन्हाने जमीन तापते. जमिनीलगतची हवा गरम होऊन हलकी होते आणि वर चढते. वर थंडी असते, म्हणून हवेतील वाफेचे बारीक थेंब बनतात. वाफेचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेने हवा आणखी वर ढकलली जाते. असे करीत करीत ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो. म्हणजे एव्हरेस्ट शिखराहूनही उंच! तेथे त्याला जणू छत लागते. वर जाता येत नाही, म्हणून त्याचा माथा आडवा पसरतो. लोहार तापलेले लोखंड ज्यावर ठेवून ठोकतो, त्या ऐरणीसारखा तो दिसतो. दूरच्या ढगाला अशी ऐरण फुटलेली दिसली, की समजावे, ढग पूर्ण वाढला आहे आणि त्याच्याखाली विजा चालू आहेत.

थंड वाऱ्याच्या त्या झोताचे कारणही याच ढगात आहे. पाऊस पडू लागला, की ढगाखालची हवा गार आणि जड होते. ती जोराने खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. पावसाच्या आधी ती आपल्यापर्यंत पोहोचते. तिच्याबरोबर दूर कोठेतरी भिजलेल्या मातीचा वासही येतो.

आता बाटली घ्या. सरळ बाजूंची, दोन लिटरची प्लास्टिकची बाटली चांगली. मान जेथून निमुळती होते, तेथे ती कापा. कापताना घरातील मोठ्या माणसाची मदत घ्या. कापलेला वरचा भाग उलटा करून बाटलीत बसवा. हे झाले नरसाळे. बाटलीचा तळ ओबडधोबड असतो, म्हणून त्यात थोडे खडे टाका आणि सरळ भाग सुरू होईल तेथपर्यंत पाणी भरा. तेथे शून्याची खूण करा. तिच्यावर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. झाले तुमचे पर्जन्यमापक! पर्जन्यमापक म्हणजे पाऊस मोजण्याचे साधन. ते विटांच्या मध्ये घट्ट ठेवा, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात ते शेजाऱ्यांच्या घरी जाईल. रोज सकाळी साडेआठ वाजता पाणी किती चढले ते पाहा, लिहा आणि पुन्हा शून्यावर आणा. साडेआठ का? कारण भारतीय हवामान विभागही चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठलाच मोजतो. वेळ एकच ठेवली, तर तुमची नोंद त्यांच्या नोंदीशी ताडून पाहता येते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हेही लक्षात असू द्या. त्यावरून तुमच्या गच्चीवर किती पाणी पडले, याचे गणित तुम्हीच कराल.

पाऊस पडला नाही, तर शून्य लिहायचे. जागा कोरी सोडायची नाही. कोरी जागा पाहून पुढे कोणालाच कळत नाही, की पाऊस पडला नव्हता, की वहीवाला झोपला होता!

मी मालेगावच्या एका शाळेत मराठी शिकवतो. माझ्या एका विद्यार्थ्याने असेच पर्जन्यमापक केले. पहिल्याच पावसानंतर तो धावत आला. “सर, चाळीस मिलिमीटर!” माझ्या गच्चीवर तर बारा भरले होते. त्याच्या घरी जाऊन पाहिले, तर त्याची बाटली पत्र्याच्या कडेखाली ठेवलेली. छपरावरून पाण्याच्या ज्या धारा गळतात, त्यांना पागोळ्या म्हणतात. साऱ्या छपराच्या पागोळ्या त्याने बाटलीत जमा केल्या होत्या. बाटली मोकळ्या जागी हलवली.

काही आठवड्यांनी तो पुन्हा तक्रार घेऊन आला. त्याच्याकडे पाऊस वीस, माझ्याकडे फक्त तीन. आता बाटलीची जागा बरोबर होती. मोजणेही बरोबर होते. मग चूक कोणाची? कोणाचीच नाही. मोसम नदीच्या त्याच्या काठावर पाऊस जोरात पडला होता आणि माझ्या काठावर थोडा शिंतोडा. वळवाचा ढग काही किलोमीटरच रुंद असतो. तो एका मोहल्ल्याला भिजवतो आणि दुसऱ्याला कोरडे ठेवतो.

गावात हे गमतीचे वाटते. पण २६ जुलै २००५ रोजी मुंबईत काय झाले, ते ऐका. त्या दिवसाच्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच शहरात, सुमारे वीस-पंचवीस किलोमीटरांवर असलेल्या कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटर! उत्तरेकडील उपनगरे बुडाली, लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या, शेकडो माणसे मेली. दक्षिण मुंबईत मात्र साधा पावसाळी दिवस होता. एकट्या कुलाब्याच्या आकड्यावरून उत्तरेकडे काय चालले आहे, याचा अंदाज कोणालाही करता आला नसता. त्यानंतर मुंबईत ठिकठिकाणी आपोआप पाऊस मोजणारी यंत्रे बसवण्यात आली. जेथे अशी यंत्रे नाहीत, तेथे एका शाळेची, एका मुलाची बाटलीही काही सांगू शकते.

वाऱ्यासाठी यंत्र लागत नाही. धूर सरळ वर जातो, की वाकतो? फक्त पाने हलतात, की फांद्याही? वाऱ्याविरुद्ध चालायला त्रास होतो का? असे लिहिले, तरी वाऱ्याचा जोर कळतो. वारा कोठून आला, ती दिशा लिहायला विसरू नका. ‘पश्चिमेचा वारा’ म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा, पश्चिमेकडे जाणारा नव्हे.

विजेबाबत मात्र मी जरा सावकाश सांगणार आहे. भारतात दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे वीज पडून मरतात. त्यांतील बरीच माणसे शेतात किंवा झाडाखाली असतात. वीज चमकली, की लगेच मोजायला लागा: एक, दोन, तीन... गडगडाट ऐकू येईपर्यंत. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणून आकड्याला तीनने भागले, की विजेचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. आकडा तीसपेक्षा कमी आला, तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे. ताबडतोब घरात जायचे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचे नाही.

हा नियम मला चांगला माहीत होता. तरीही एका मे महिन्यात मी तो मोडला. दक्षिणेला चांदवडच्या डोंगरांवर फार सुंदर ढग उभा होता. मी गच्चीवर बसून त्याच्या ऐरणीचे चित्र काढत होतो. वीज चमकली. मी मोजले, चोवीस. म्हणजे आठ किलोमीटर. उठायला हवे होते. पण डोक्यावर तर निळे आकाश होते, पावसाचा थेंबही नव्हता. ‘एवढी एक रेघ काढतो आणि जातो,’ असे मी मनाशी म्हटले. पुढची वीज मागच्या गल्लीतील कडुनिंबावर पडली. उजेड आणि आवाज एकदमच झाला. माझ्या हातातील पेन्सिल कोठे गेली, ते कळलेच नाही. कडुनिंबाची साल शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सोलून निघाली होती. त्या झाडाखाली रोज दुपारी मुले गोट्या खेळतात. त्या दिवशी योगायोगाने एका घरी लग्न होते, म्हणून सगळी तिकडे गेली होती.

पहिली वीज आठ किलोमीटरांवर पडली, म्हणून दुसरीही तेथेच पडेल असे नसते. ऐरणीच्या कडेपासूनही वीज दूरवर, कोरड्या जागी पडू शकते. म्हणून ढग पाहायचा तो पक्क्या घराच्या आतून. खिडकीपासून दोन पावले मागे थांबा. नळ, लोखंडी गज आणि विजेच्या तारेला जोडलेली वस्तू यांना हात लावू नका. झाडाखाली आणि उघड्या पत्र्याच्या शेडखाली थांबू नका. मैदानात क्रिकेट चालू असेल, तर शेवटची दोन षटके राहू द्या. उंच इमारतींवर आणि मिनारांवर तुम्ही एक टोकदार सळई पाहिली असेल. ती जाड तारेने जमिनीशी जोडलेली असते. तिला तडितरक्षक म्हणतात. ती पडणारी वीज जमिनीत नेते आणि त्या इमारतीला वाचवते. शेजारच्या मैदानावर उभ्या असलेल्या मुलाला तिचा भरवसा नाही.

घरात मोबाईल असेल, तर आणखी मदत होते. हवामान विभाग रडारची चित्रे सर्वांना पाहायला देतो. पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांत तो इशारेही देतो. लाल म्हणजे सर्वांत गंभीर. पुण्याच्या संस्थेने बनवलेले ‘दामिनी’ नावाचे ॲप जवळपास कोठे विजा पडत आहेत, ते दाखवते. दामिनी म्हणजेच वीज. परंतु मोबाईल आधी पाहू नका. आधी आकाश पाहा, तुमचा अंदाज वहीत लिहा आणि मग रडारशी ताडून पाहा. उलटे केले, तर डोळे शिकत नाहीत.

वहीत रकाने किती आखावेत? तारीख, वेळ, ढग, वारा, पाऊस आणि अंदाज, एवढे पुरेत. भाषा उर्दू असो वा मराठी, वही दोन्ही चालवून घेते. पागोळ्या जमवणाऱ्या माझ्या त्या विद्यार्थ्याची वही आता तिसऱ्या वर्षात आहे. ढगांची नावे तो मराठीत लिहितो आणि बाकी सारे उर्दूत. त्यामुळे एकाच ओळीत त्याची पेन्सिल उजवीकडूनही धावते आणि डावीकडूनही. ‘आज पाऊस येईल’ किंवा ‘येणार नाही’ असा अंदाज तो शाळेला निघण्यापूर्वी लिहून ठेवतो. चुकलेल्या अंदाजांखाली तो लाल शाईने रेघ मारतो. परवा मी ती वही चाळली. लाल शाई बरीच आहे. पण पहिल्या वर्षाच्या मानाने कमी.